थोरली तार, धाकटी तार

ज्या वाडीची ही हकिगत आहे तिचं नाव मी सांगणार नाही. नाव छापलं की पुढच्या शनिवारी लोक गाड्या घेऊन रिळं काढायला हजर होतात आणि ओढ्यात वेफर्सची पाकिटं टाकून जातात. घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की शिनोली लागते, शिनोलीच्या पुढे डोंगर सुरू होतात, आणि त्या डोंगरांत कुठेतरी ती आहे, एवढं पुरे.

मी तिथे का गेले हे मात्र सांगायला हवं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी योगासनांना जाऊ लागल्या; मी हौशी रेडिओचा परवाना काढला. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवायचा, घरी यंत्र बसवायचं, गच्चीवर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच वेड्यांशी हवेतून बोलायचं, असा हा छंद. "फोन असताना?" असं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. नवरा उत्तर देतो, "फोनवर तिचं ऐकायला आता कुणी उरलं नाही."

या हवेतल्या ओळखींपैकी सगळ्यात जुनी ओळख पिंपळवंडीच्या बाजीरावांची. कांदा-टोमॅटो करणारा शेतकरी माणूस, आणि रेडिओचा माझ्याहून दुप्पट वेडा. इतकी वर्षं आम्ही रोज संध्याकाळी बोलतो, पण भेट कधी झाली नव्हती. नवरात्र संपता संपता एकदा ते म्हणाले, "ताई, एक काम हाय. वर डोंगरात एक वाडी हाय, रेंज न्हाई. तिथली आशाताई आन् शिनोलीचा एक जीपवाला, दोघांनी माझ्याकडं शिकून परवाना काढला. पण मधी डोंगर हाय, हँडसेटवर, त्या वॉकीटॉकीवर, काय पोचंना. तुमी या राव एकदा."

मी म्हटलं, बघू. तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं. आशाताईची, म्हणजे वाडीतली आरोग्याची कामं बघणाऱ्या सुनंदाची, धाकटी जाऊ कविता. गेल्या वर्षी कळा सुरू झाल्यावर तिला झोळीत घालून डोंगर उतरवलं. खाली रस्त्यावर पोचले तर जीप नव्हती, कारण जीप बोलवायला ज्या मुलाला वर रेंजच्या दगडावर पाठवलं होतं त्याला धुक्यात फोनच लागला नाही. रस्त्यावर बसून राहिले. बाळ गेलं.

"आता ती परत पोटुशी हाय," बाजीराव म्हणाले. "दिवस भरत आलेत."

घट उठले आणि मी दोन जुनी यंत्रं घेऊन एसटीत बसले.

जुन्नर

आवाजावरून मी माणूस गृहीत धरते, ही माझी जुनी खोड. बाजीरावांचा आवाज खर्जातला, घुमणारा; मी मनात एक पैलवान रंगवून ठेवला होता. जुन्नरच्या स्टँडवर उतरले तर समोर पांढऱ्या टोपीतलं पाप्याचं पितर हात जोडून उभं. मी क्षणभर त्यांच्या मागे बाजीराव शोधले. तेही माझ्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं तुमी लई उंच असशाल. आवाज हेडबाईचा हाय तुमचा." फिट्टंफाट झाली.

आम्ही जुन्या बाजारपेठेत सामान घ्यायला गेलो. पुण्यात मला एक वायर घ्यायची तर तीन दुकानदार तोंड वाकडं करतात. इथे गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आधी चहा आला, मग चौकशी.

"वायर कशाला पायजे? मोटरला का बोअरला?"

"आभाळाला," बाजीराव म्हणाले.

दुकानदाराने काहीही आश्चर्य न दाखवता विचारलं, "तांब्याची देऊ का अल्युमिनियमची?"

पुढच्या दुकानात कासरे, दावी, वेसणी टांगलेल्या. तिथून नायलॉनची दोरी घेतली. तारेच्या टोकांना अडकवायला पांढऱ्या पाइपाचे तुकडे कापून घेतले. परदेशातल्या छापील पुस्तकात या सामानाची यादी वाचून मला घाम फुटला होता. बैलाच्या दोरीवर भागलं.

पिंपळवंडी

बाजीरावांच्या घरी मंगलवहिनींनी मासवडी केली होती. नावात मास असलं तरी तिचा मासळीशी संबंध नाही. बेसनाची पोळी, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, गुंडाळून वड्या कापायच्या आणि त्यांवर झणझणीत रस्सा. मी पुण्याच्या सवयीने दोन वड्यांवर थांबले. वहिनींनी तो अपमान समजून आणखी तीन वाढल्या.

दिवस कलायला लागला तशी घरातली माणसं भराभर आत आली. उसात बिबट्या असतो. अंधार पडल्यावर अंगणाच्या टोकाला जायचं तरी बॅटरी आणि सोबत लागते. आमच्या सोसायटीत भटक्या कुत्र्यांवर सभा भरते, इथे कुणी बिबट्यावर फार बोलतही नाही. वहिनी नुसतं म्हणाल्या, "आला व्हता परवा, गोठ्यापातूर."

ओसरीवर बाजीरावांनी त्यांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, मीडियम वेव्हवर लावला. दिवसाउजेडी त्यावर जवळचं एखादं केंद्र सोडलं तर नुसती खरखर. पण ऊन उतरलं तशी त्या खरखरीतून एकेक परकी भाषा वर यायला लागली. हा खेळ ते रोज खेळतात. मला त्यातलं शास्त्र ठाऊक आहे, पण त्यांची सांगायची पद्धत मला पुस्तकापेक्षा आवडली.

"वर आभाळात दोन थर हायेत," ते म्हणाले. "खालचा थर आधाशी. दिवसभर लांब लहरी गिळत बसतो. सूर्य गेला की तो मरतो. मग लहरी वरच्या थराला जाऊन धडकत्यात आन् लांब जाऊन पडत्यात. पण वरचा थर बी सूर्याच्या जिवावरच जगतो. रातभर झिजत जातो. पहाटेला इतका पातळ व्हतो, की जरा आखूड लहर पाठवली तर आरपार निघून जाती. परत येतच न्हाई."

आमचं सगळं काम या चार वाक्यांवर उभं होतं. मोबाइलच्या आणि हँडसेटच्या फार आखूड लहरी सरळ नाकासमोर जातात. डोंगर आडवा आला की संपलं. त्यापेक्षा पुष्कळ लांब लहर घेतली आणि सरळ वर फेकली, तर वरचा थर तिला खाली परतवतो. अंगणात उभं राहून नळाचा पाइप आभाळाकडे धरला की पाणी चहूबाजूंना पडतं, भिंतीपलीकडेही पडतं, तसं. मग मधला डोंगर कितीही उंच असेना. फक्त दिवसा एक लांबी आणि पहाटे त्याच्या दुप्पट लांबी वापरायची. म्हणून तारा दोन. एक छोटी, एक मोठी.

"थोरली आन् धाकटी," वहिनी आतून म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष होतं.

शिनोली

शिनोलीचा जीपवाला विलास. रस्त्याकडेला त्याचं चहाचं हॉटेल, मागे घर. हॉटेल दिवसभर आणि संध्याकाळ उघडं, घरात माणूस कायम, म्हणून यंत्र तिथे ठेवायचं ठरलं होतं. विलास तरुण, उत्साही आणि भयंकर बोलका. गेल्या वर्षीच्या त्या दिवशी तो इथेच होता, जीप दारात होती. कुणी बोलावलंच नाही. हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि नंतर, मिसळीचा पाव पुढे करताना, परत सांगितलं.

हॉटेलमागच्या आंब्यापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तारा ताणल्या. यंत्र लावलं आणि कानठळ्या बसतील एवढी घरघर सुरू झाली. बाजीराव एकेक वस्तू बंद करत सुटले. फ्रीज बंद, पंखा बंद, टीव्ही बंद. टीव्हीपुढची गिऱ्हाइकं चिडली, कारण मालिकेत नेमका कुणाचा तरी मुखवटा उतरत होता. घरघर चालूच. शेवटी सापडला हॉटेलवर लावलेला रंगीत दिव्यांचा हार. स्वस्तातले दिवे, आतला ट्रान्सफॉर्मर स्वतःच एक वाईट रेडिओ केंद्र.

"हार काढावा लागेल," मी म्हटलं.

विलासचा चेहरा पडला. "दिवाळीला बी न्हाई?"

"कविता बाळंत होईपर्यंत नाही."

त्याने स्टूल आणलं आणि स्वतःच हार उतरवला. रेडिओ एकदम शांत झाला. दूर कुठेतरी दोन माणसं हवामानावर बोलत होती, तीही स्वच्छ ऐकू आली. विलास पोराच्या पाळण्यात डोकवावं तसा यंत्रावर वाकून ऐकत राहिला.

वाडी

बाजीराव शिनोलीला यंत्रापाशी बसले. विलासने मला जीपने डोंगराच्या पायथ्याला सोडलं. तिथे सुनंदा न्यायला आली होती. तिशीतली, चटपटीत, नऊवारी नाही की ड्रेस नाही, साडीवर पुरुषी शर्ट आणि पायात बूट. यंत्राची जड बॅटरी तिने डोक्यावर घेतली, सौरपट्टी काखेला मारली आणि गप्पा मारत डोंगर चढायला लागली. मी रिकाम्या हाताने मागून धापा टाकत. गप्पांना "हं" म्हणण्याइतकाही श्वास माझ्याकडे शिल्लक नव्हता.

वर पोचल्यावर मात्र सगळं विसरले. डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांनी भाताची खाचरं, भात पिवळं होत आलेलं, त्याचा वास सगळीकडे. पंधरा-वीस घरं, मधे शाळेची एक खोली. सुनंदाच्या घरी कविताने दार उघडलं. बारीक चणीची पोर, पोट मोठं, पदर नीट ओढून घेतलेला. तिने मला पाणी दिलं आणि यंत्राच्या पिशवीकडे बघितलं. "यातून खरंच खाली ऐकू जातंय?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मी फार लवकर हो म्हटलं.

तार आम्ही शाळेच्या अंगणात बांधली. वाडीतले सगळ्यात वयस्क, आबा, काठी टेकत बघायला आले. आम्ही तार डोक्याच्या जरा वर बांधतोय हे बघून त्यांना राहवेना.

"बाई, येवढा डोंगर चढून वर आलात आन् तार खालीच बांधता?"

मी पाइपाचं उदाहरण दिलं, आभाळाकडे तोंड करायचं तर तार उंच नको, असं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. "शिकल्याली माणसं," ते शेजारच्याला म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं.

ऊन कलतं होतं. धाकटी तार जोडली. सुनंदाने माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि पहिल्यांदा हाक घातली. शिनोली, शिनोली. मग बटण सोडलं. सगळी वाडी शाळेत कोंबून उभी. यंत्रातून आलं ते असं: टक्. टक्. टक्. टक्.

दर सेकंदाला एक ठोका, हातोडीने मारल्यासारखा. त्या ठोक्यांच्या फटींत काहीतरी कुजबुज होती, पण शब्द हाती लागेना. सुनंदाने परत हाक घातली, परत टक् टक्. यंत्रात असे ठोके गाळायचं एक बटण असतं. तेही दाबून पाहिलं, उपयोग शून्य. अर्ध्या तासाने लोक पांगले. कविता सगळ्यात शेवटी गेली. मला त्या पोरीच्या पाठीकडे बघवेना.

सुनंदा आणि मी रेंजच्या दगडावर चढलो. तिथे एका विशिष्ट कोपऱ्यात, एका पायावर, फोनला एक काडी येते. बाजीरावांना फोन लागला.

"ताई, काय झक्कास येताय तुमी!" ते ओरडले. "सुनंदाचा सबुद न् सबुद ऐकला. मी कवाधरनं बोंबलतोय, तुमी उत्तरच देईना!"

म्हणजे आमचं खाली पोचत होतं. खालचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. सुनंदा दगडावर खाली बसली. "म्हंजी पुन्ना तेच," ती म्हणाली. "आपुन हाका मारायच्या आन् कुणी हाय का न्हाई ते कळायचंच न्हाई."

उतरताना एका खाचराभोवतीची तार दिसली. बारीक चकचकीत तार, खांबांना प्लॅस्टिकच्या चकत्या, आणि एका टोकाला आबांच्या पडवीतून येणारी वायर. झटका मशीन. रानडुकरांसाठी. तारेला दर सेकंदाला एक झटका सोडतं, जनावर लागलं की किंचाळून पळतं. ओल्या गवताचं पान तारेला टेकलं होतं, तिथे बारीक ठिणगी उडत होती. टक्. टक्. मी तिथेच उभी राहून मोजलं. तोच ठोका.

वाडी, दुसरा दिवस

सकाळी आम्ही आबांच्या परवानगीने मशीन घटकाभर बंद करून तारेला टेकणारं गवत सगळं कापलं. परत चालू केल्यावर ठोके निम्मे मऊ झाले. पण शिनोलीचा आवाज त्यांच्याखालीच राहिला. यंत्र दुसऱ्या टोकाच्या घरात नेऊन पाहिलं. वाडीच एवढीशी, ठोके तिथेही आले. मशीन बंद केलं की मात्र बाजीराव शेजारच्या खोलीत बसल्यासारखे. "आता कसं!" असं ते म्हणाले आणि अख्खी वाडी हसली. आबा हसले नाहीत.

दुपारी सुनंदाकडे नाचणीची भाकरी, ठेचा आणि घेवड्याची आमटी झाली, आणि ओसरीवर सभा बसली. मागणं साधं होतं. सकाळी उजाडायच्या आत थोडा वेळ आणि संध्याकाळी दिवेलागणीला थोडा वेळ, खाली-वर बोलणं होईपर्यंत मशीन बंद ठेवायचं.

आबा म्हणाले, "नेमका त्योच डुकरांचा टाइम हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं.

"गेल्या साली एका पहाटंत समदं खाचर नांगरून टाकलं," आबा म्हणाले. "वर्साचं भात. म्हातारी म्हणाली, आता काय खायाचं? मी दोन शेळ्या इकून मशीन आणली. मी कविताच्या वाइटावर न्हाई. पोरगी मला नातीवानी. पण डुकरांना म्या काय सांगू? थांबा, बायाचं बोलणं चाललंय?"

मला राग यायला हवा होता, आला नाही. म्हातारा खरं बोलत होता. माझं शास्त्र डुकरांपाशी संपत होतं.

तेवढ्यात दाराआडून कविता बोलली. "आबा, तेवढा येळ मी बसते बांधावर. डबा वाजवत."

दोन पोरं खुदकन हसली. मग त्या पोटाकडे बघून कुणी हसेना. आबांनी मान खाली घातली.

सुनंदा उठून उभी राहिली. "ती कशाला? सावड करू."

सावड म्हणजे या भागातली भातशेतीची रीत. लावणीला आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, उपकार नाही, पाळी मात्र चुकवायची नाही. एखाद्याने आपली पाळी चुकवली तर पुढच्या लावणीला त्याच्या खाचरात कुणी पाय ठेवत नाही. पुण्यात आमच्या जिन्यातला बल्ब बदलायचा कुणी यावर तीन महिने पत्रव्यवहार चालतो, म्हणून मी हे ऐकताना अंमळ ओशाळले.

"डुकराला कशाची सावड?" एकजण म्हणाला.

"का न्हाई? लावणीला चालती, कापणीला चालती. राखणीला का नगं? रोज येका घरानं आबांच्या बांधावर जायचं. मशीन बंद हाय तवर डबं वाजवायचं, आरोळ्या द्यायच्या. बोलणं झालं की मशीन चालू. कविता मोकळी व्हईस्तवर."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी काठी उगाच दोनदा जमिनीवर आपटली.

"सावड म्हणल्यावर मी न्हाई कसं म्हणू?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमची तार तरी नीट चालंल ना?"

त्या संध्याकाळी पहिली पाळी सुनंदाच्याच घराची. तिचा दीर, कविताचा नवरा, तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन बांधावर उभा राहिला आणि "हुर्र्या, हाऽऽ" करत डोंगर दणाणून सोडला. इकडे शाळेत मशीन बंद, यंत्र चालू. विलासचा आवाज आला, "वाडी, वाडी, शिनोली बोलतोय." सुनंदाने उत्तर दिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवायचं काय त्यात. खालून विलासने विचारलं, "मागं कसला गोंधळ चाललाय? लगीन हाय का?" तेव्हा लक्षात आलं की शाळा आबांच्या खाचरालाच लागून आहे, डब्याचा आवाज माइकमधून खाली जात होता.

दुसऱ्या पहाटे थोरली तार लावून बघितली. आधी मुद्दाम धाकटीवर हाक घातली. शिनोलीचा पत्ता नाही, लहर आरपार गेली. थोरलीवर गेलो आणि विलास जांभई देत हजर. सुनंदाने यंत्रावर खडूने चारच शब्द लिहिले: उन्हात धाकटी, अंधारात थोरली.

निघताना कविताने माझ्या हातात हातसडीच्या तांदळाचं गाठोडं ठेवलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "घ्या. आता ऐकू येतंय."

पुणे

परत आल्यापासून माझी पहाट बदलली. आमच्या गच्चीवर थोरली तार मावत नाही, म्हणून ती जिन्यातून शेजाऱ्यांच्या गॅलरीपर्यंत वाकडीतिकडी नेली आहे. शेजारी कपडे वाळत घालतात तिच्यावर. तरी ऐकू येतं. उजाडायच्या आत चहाचा कप घेऊन बसायचं, वाडी आणि शिनोलीचं बोलणं ऐकायचं. बोलणं काय, "सगळं ठीक?" "ठीक." आणि मागे डबा. डब्यावरून मला पाळी कुणाची ते ओळखू यायला लागलं. कविताचा नवरा एका लयीत बडवायचा. एका घरची सून ताट वाजवायची, डबा नाही.

दिवाळीच्या आधी एका पहाटे मी नेहमीपेक्षा लवकर यंत्र लावलं. झोप लागत नव्हती, दुसरं कारण नाही. नेमलेल्या वेळेला अजून अवकाश होता. आणि थोरलीवर सुनंदाचा आवाज.

"शिनोली, शिनोली. विलास, कविताच्या कळा सुरू झाल्यात. झोळी बांधतोय. जीप घेऊन पायथ्याला ये. ऐकतोयस का?"

मी कप खाली ठेवला. उत्तर आलं, यंत्र रात्रभर चालू ठेवून उशाशी घेऊन झोपणाऱ्या विलासचा झोपेतला, घाबरा आवाज, "ऐकलं! निघालो! गाडी काढतोय!" मला स्वच्छ ऐकू आलं. पण मला ऐकू येऊन काय उपयोग. वेळ नेमलेली नव्हती. पाळीचं माणूस बांधावर कशाला असेल? मशीन चालूच असणार. सुनंदाच्या कानात टक् टक् चाललं असणार आणि ती परत गेल्या वर्षीसारखी, खाली कुणी आहे की नाही ते न कळता, हाका मारत बसणार. मी फोन उचलला आणि खाली ठेवला. वाडीत फोन कुठे लागतो?

मग सुनंदाने बटण दाबलं, आणि ती बोलायच्या आधी मला डबा ऐकू आला. लय नसलेला, दमेकरी, मधेच थांबणारा. आणि एक म्हातारी आरोळी.

"ऐकलं दादा, ऐकलं!" सुनंदा रडत म्हणाली. "ये लवकर." मग माइक दाबलेलाच राहिला आणि ती बाहेर ओरडली, "आबा, झालं बोलून! लावा मशीन आता!"

लांबून आबांचा आवाज आला. "गाडी पायथ्याला पोचू दे. तवर मी लावत न्हाई."

दुपारी विलासचा फोन आला. बोलता बोलता तो दोनदा विचारत होता, ताई, हार लावू का आता, म्हणून मला आधी काही कळेचना. मुलगी झाली. घोडेगावच्या दवाखान्यात, दोघी सुखरूप. मी म्हटलं, लाव बाबा हार, फक्त बोलण्याच्या वेळी बंद ठेव.

त्या दिवशी संध्याकाळी मी वेळेवर यंत्रापुढे बसले. वाडीवर सुनंदा नव्हती, ती दवाखान्यात. तिच्या जागी कुणी बोलणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण परवाना तिचाच. तरी बसले. दुसऱ्या दिवशी ती परतल्यावर तिने सांगितलं, की त्या संध्याकाळीही मशीन बंद होतं आणि डबा वाजत होता. पाळी कविताच्या नवऱ्याची होती, तो बायकोपाशी. मग आबाच उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, आबा, कविता बाळंत झाली, आज बोलणारं बी कुणी न्हाई, आन् खाचर तर तुमचंच हाय, मशीन लावा की, कशाला दमता?

"खाचर माझं हाय," आबा म्हणाले, "पण पाळी पोरीच्या बापाची हाय. ती मोकळी कशी जाऊ द्यायची?"